शेंगदाणा आणि काडेपेटी: छोटं विमान मोठ्या विमानतळावर उतरतं तेव्हा

आमच्या नेरुळच्या सोसायटीत विमानतज्ज्ञांची संख्या अचानक वाढली आहे. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली, तेव्हापासून गच्चीवर कपडे काढायला गेलेला माणूसही खाली येताना "आत्ता गेलं ना, ते बेंगळुरूचं" असं सांगत येतो. मध्यंतरी अशाच एकानं सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न टाकला. उलव्याच्या या नव्या विमानतळाची धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे, फ्लाइंग क्लबच्या चार माणसांच्या विमानाला दोन-तीनशे मीटर पुरतात, मग दोन मोठ्या विमानांच्या मधल्या वेळात ही छोटी विमानं उतरवायला काय हरकत आहे? जागाच जागा आहे की! खाली धडाधड अंगठे पडले.

प्रश्न वेडगळ नाही. मलाही पहिल्यांदा तो बरोबरच वाटला होता. रविवारी ठाण्याला नौपाड्यात आईकडे गेलो, तर तिथे माझी भाची आलेली. ती फ्लोरिडात विमान चालवायला शिकून आली आहे आणि शिकताना एकदा शिक्षकाला शेजारी बसवून ऑर्लँडोच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर छोटं विमान उतरवून आली आहे. मी तिला ग्रुपवरचा प्रश्न वाचून दाखवला. ती म्हणाली, "मामा, जागेचा प्रश्नच नाहीये. प्रश्न वेळेचा आहे. आजी, चार शेंगदाणे दे."

आई कूट करायला भाजलेले दाणे सोलत बसली होती. पुढचा तासभर आमच्या डायनिंग टेबलवर जे झालं, त्यात मी नंतर वाचलेलं थोडं मिसळून इथे मांडतो.

## आधी दोघांची ओळख

भाचीनं टेबलावर फूटपट्टी ठेवली. ही धावपट्टी. काडेपेटी म्हणजे एअरबस ए३२०, आपण गोव्याला किंवा दिल्लीला जातो ते नेहमीचं विमान. शेंगदाणा म्हणजे सेस्ना १७२, जगभर ज्याच्यावर लोक उडायला शिकतात ते चार आसनांचं, एका पंख्याचं विमान. योगायोगानं प्रमाणही जमलं. एअरबस साडेसदतीस मीटर लांब, सेस्ना सव्वाआठ मीटर.

वजनात मात्र काडेपेटी आणि शेंगदाणा अगदीच फसवतात. पूर्ण भरलेली एअरबस ७८ टनांच्या आसपास असते. सेस्ना सगळं धरून साधारण १.१ टन, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या एखाद्या मारुतीएवढं. जवळपास सत्तर पट फरक.

आणि तिसरा फरक वेगाचा. विमानाचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर. (यापुढे मैल म्हटलं की तो सागरी मैलच.) उतरताना एअरबस सुमारे १४० नॉटनी येते, ताशी २६० किलोमीटर. सेस्ना ६५-७० नॉटनी, ताशी १३० च्या आत. बरोबर निम्मा वेग. सगळी गंमत या निम्म्यात आहे.

## फास्ट ट्रॅकवर स्लो लोकल

धावपट्टीच्या रेषेत येऊन विमान सरळ खाली यायला लागतं, त्या शेवटच्या टप्प्याला फायनल म्हणतात. गजबजलेल्या विमानतळावर फायनल म्हणजे एकामागोमाग एक विमानांची रांग. दोघांमध्ये तीन-चार मैल अंतर, सगळ्यांचा वेग जवळपास सारखा. वाशी-कोपरखैरण्याच्या लोकांना हे सांगायला नको. मुंबईला पूर्वेकडून उतरणाऱ्या विमानांची रांग त्यांच्या डोक्यावरूनच जाते आणि रात्री दिवे एका दोरीत ओवल्यासारखे दिसतात.

आता या रांगेत सेस्ना घाला. धावपट्टीपासून दहा मैलांवर सेस्ना आलं आणि ७० नॉटनी सरळ निघालं, तर टेकायला साडेआठ मिनिटं. एअरबसला तेच अंतर कापायला सव्वाचार. म्हणजे मागची एअरबस सेस्नाच्या पाठीवर येऊन आदळू नये आणि सेस्ना टेकेल तेव्हाही ती निदान तीन मैल मागे असावी, असं वाटत असेल तर सुरुवातीला तिला तेरा मैल मागे ठेवावं लागतं. तेरा मैलांची पोकळी. एरवी त्या पोकळीत मधे दोन विमानं सहज आली असती.

ठाण्याच्या माणसाला यापेक्षा सोपं उदाहरण नाही: फास्ट ट्रॅकवर मुलुंडपासून स्लो लोकल सोडली तर काय होईल? रुळांवर जागा भरपूर आहे. गाडीही तेवढीच रुंद आहे. पण मागे डेक्कन क्वीन थांबली, तिच्यामागे कर्जत फास्ट थांबली, आणि प्लॅटफॉर्मवर आपण घोषणा ऐकत उभे. स्लो लोकल रुळावर जागा किती घेते ते मोजून उपयोग नाही, ती रूळ किती वेळ अडवते ते मोजायचं असतं.

वेळेची किंमत किती? मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. आकाशात विमानं घिरट्या घालत राहतात म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं गर्दीच्या तासांतली विमानांची संख्या तासाला ४६ वरून ४४ वर आणायला लावली. ४४ म्हणजे चढणारं-उतरणारं धरून दर ८२ सेकंदांना एक विमान. नुसती दोन विमानं कमी करण्यासाठी दिल्लीहून आदेश काढावा लागतो, तिथे एका सेस्नानं साडेआठ मिनिटं घेतली तर किती वेळापत्रकं कोलमडतील ते तुम्हीच मोजा.

## मग ते रांगेत बसतंच कसं?

बसतं. ऑर्लँडोला बसलं, तसं जगात बऱ्याच ठिकाणी रोज बसतं. त्यासाठी दोन युक्त्या आहेत.

पहिली, पायलटनं वेग सोडायचाच नाही. ७० ऐवजी ११० नॉटनी यायचं आणि अगदी शेवटी ब्रेक लावल्यासारखं मंद व्हायचं. तेच गणित पुन्हा केलं तर तेरा मैलांची पोकळी पावणेसहा मैलांवर येते.

दुसरी युक्ती जास्त चलाख आहे. सेस्नाला दहा मैलांवरून रांगेत उभंच करायचं नाही. ते धावपट्टीच्या बाजूला, रांगेपासून लांब थांबवून ठेवायचं आणि योग्य फट आली की शेवटच्या दोन मैलांवर आत वळवायचं. दोन मैल ७० नॉटनी म्हणजे पावणेदोन मिनिटं. नळावरच्या रांगेत "फक्त एक तांब्या घेते हो" म्हणून बाजूनं हात घालणाऱ्या काकूंची ही पद्धत. फरक इतकाच की इथे हात कधी घालायचा ते काकू नाही, एटीसी ठरवते. एटीसी म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, ज्यांचा आवाज पायलटच्या कानात असतो ते लोक.

आई इतका वेळ गप्प होती. आता म्हणाली, "म्हणजे घुसायचं. मग सरळ सांग ना घुसायचं म्हणून."

## मोठं विमान गेल्यावर मागे काय राहतं

आता खरी भीतीची गोष्ट. ती दिसत नाही.

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावर कधी उभे राहिलात तर बघा. मोठी बोट खाडीतून जोरात जाते, तेव्हा छोट्या होडीला काही होत नाही. बोट लांब जाते, आवाजही विरतो, आणि मग तिनं मागे सोडलेली लाट येऊन होडीला उचलून आपटते. होडीतल्या माणसाला हे माहीत असतं, म्हणून तो बोट गेल्यावर होडीचं तोंड लाटेकडे फिरवतो.

विमानाचंही तसंच. पंखाच्या खाली हवेचा दाब जास्त आणि वर कमी असतो, म्हणून विमान तरंगतं. पण पंखाच्या टोकाला खालची हवा वळसा घालून वर जायला बघते, आणि दोन्ही टोकांमागे दोन आडवे भोवरे तयार होतात, एकमेकांच्या उलट फिरणारे. विमान जितकं जड आणि जितकं मंद, तितके भोवरे जोरकस. म्हणजे उतरताना आणि चढताना, अगदी धावपट्टीजवळच, ते सर्वांत वाईट असतात. हे भोवरे मिनिटाला साधारण तीनशे ते पाचशे फूट खाली बसत जातात आणि काही मिनिटं टिकतात. छोटं विमान त्यात शिरलं तर ते नुसतं हलत नाही, कुशीवर वळतं. आणि जमिनीपासून दोनशे फुटांवर कुशीवर वळलेलं विमान सरळ करायला वेळ मिळत नाही.

यातली सर्वांत उलटी गोष्ट मला भाचीनं सांगितली तेव्हा खरी वाटली नाही. वारा पडलेला, झाडाचं पान हलत नाही, अशी "किती छान हवा आहे" दुपार या बाबतीत वाईट. वारा असला की भोवरे मोडतात किंवा वाहून जातात. वारा नसला की ते जमिनीला टेकून हळूहळू बाजूला सरकतात. आणि बाजूनं तीन-पाच नॉटची झुळूक असेल तर त्यातला एक सरकायचा थांबतो आणि नेमका धावपट्टीवरच रेंगाळतो.

म्हणून नियम. सात टनांपर्यंतचं विमान हलकं, तिथपासून १३६ टनांपर्यंत मध्यम, त्यापुढे जड. एअरबस ए३२० मध्यम गटात. मध्यमच्या मागे हलकं येत असेल तर पाच मैल अंतर, जडच्या मागे सहा. मोठ्याच्या पाठोपाठ उडायचं असेल तर निदान दोन मिनिटं थांबायचं, आणि धावपट्टीच्या मधूनच उडणार असाल तर तीन. ८२ सेकंदांच्या जगात ही दोन-तीन मिनिटं कुठून आणायची?

इथे एक बारीक कलम आहे. हवा स्वच्छ आहे, मी बाहेर बघून उडतोय, पुढचं विमान मला दिसतंय, असं पायलटनं म्हटलं की हे अंतर सांभाळण्याची जबाबदारी एटीसीकडून पायलटकडे येते. टॉवर फक्त "भोवऱ्यापासून सावध" एवढं बजावतो. मग पायलट काय करतो? भोवरे खाली बसतात, म्हणून तो मोठ्या विमानाच्या वाटेच्या वरून येतो. आणि मोठ्यानं जिथे चाकं टेकली, त्याच्या पुढे आपली टेकतो, कारण चाकं टेकल्यावर पंखांवरचा भार उतरतो आणि भोवरा थांबतो. छोट्याला दोनशे मीटर पुरतात हे इथे उपयोगी पडतं, एरवी नाही.

हे पुस्तकी नाही. डिसेंबर १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात सांता आना इथे एक छोटं बिझनेस जेट बोइंग ७५७ च्या मागोमाग उतरत होतं. भोवऱ्यात सापडलं आणि आतले पाचही जण गेले. ७५७ वजनानं जड गटात बसत नव्हतं, तरी त्यानंतर अमेरिकेत त्याच्या मागे जास्त अंतर ठेवायचा नियम आला.

## खिडकीतून कसं दिसतं

ऑर्लँडोला चार समांतर धावपट्ट्या आहेत. भाची ज्या छोट्या तळावर शिकली तिथे एकच, आणि तिची रुंदी आपल्या पाम बीच रोडपेक्षाही कमी असेल, असं ती म्हणते.

निघायच्या आदल्या रात्री तिनं त्या विमानतळाचा जमिनीवरचा नकाशा पाठ केला होता. "उडण्याची भीती नव्हती मामा, खाली उतरल्यावर रस्ता चुकण्याची होती." अमेरिकेत अशा विमानतळाभोवतीच्या आकाशात शिरायचं तर एटीसीनं "प्रवेशाला परवानगी" हे शब्द उच्चारावे लागतात. नुसतं त्यांनी तुमच्या विमानाचा नंबर घेतला, "ऐकू येतंय" म्हणाले, एवढ्यावर आत जाता येत नाही. कानावर धो धो बोलणं चालू असतं, एअरलाइनचे पायलट अर्ध्या वाक्यात काम उरकतात, आणि त्यात आपलं वाक्य घुसवायला फट शोधायची. सगळंच फटींचं काम.

भाचीच्या विमानाला धावपट्टीला समांतर, उलट्या दिशेनं पाठवलं. "जात राहा, वळायचं कधी ते मी सांगतो." ती जात राहिली. बरीच लांब. मग: "तुमच्या उजवीकडे एअरबस, दिसली का?" दिसली. "तिच्या मागे वळा, वेग ठेवा, मागे अजून एक आहे."

वेग ठेवायचा म्हणजे ११० नॉट. पण सेस्नाच्या पंखांचे फ्लॅप, म्हणजे मंद होण्यासाठी खाली सोडायचे पंखांचे मागचे भाग, पूर्ण सोडायचे तर वेग ८५ च्या आत हवा. त्यामुळे रोज ती निवांत दोन-तीन टप्प्यांत जे करायची, ते शेवटच्या एका मैलात उरकायचं होतं. त्यात डोळे फसवतात. आयुष्यभर अरुंद धावपट्टी बघितलेल्या पायलटला साठ मीटर रुंद धावपट्टी दिसली की आपण फार खाली आलो असं वाटतं. मग तो वरच विमान सावरतो आणि तिथून धपकन आपटतो. तिनं सावरलं थोडं वरच, शिक्षकानं "अजून नाही, अजून नाही" म्हणत तिचा हात धरून ठेवला.

टेकलं. तर पुढचा प्रश्न. धावपट्टीच्या अगदी सुरुवातीला टेकलात तर बाहेर पडायचा रस्ता एक किलोमीटर पुढे. तिथपर्यंत विमान जमिनीवरून ताशी ३५-४० किलोमीटरनी रांगत नेलं तर दीड मिनिटाच्या वर जातं आणि मागची एअरबस तोवर डोक्यावर. म्हणून मुद्दाम लांब, वळणाच्या जवळ टेकायचं. भोवऱ्यासाठीही तेच हवं होतं, हे बरं.

बाहेर पडल्यावर तिनं माईकवर सांगून टाकलं की मी शिकाऊ आहे, इथे नवी आहे, रस्ता टप्प्याटप्प्यानं सांगा. असं सांगण्याची सोय आहे आणि त्यात कमीपणा नाही. दुसरा एक शब्द तिच्या शिक्षकानं तिला पहिल्याच दिवशी शिकवला होता: "अनेबल". जमणार नाही. एटीसी म्हणाली अमुक वेगानं या, आणि तुमच्या विमानाला ते झेपत नसेल, तर हा एक शब्द पुरतो, कारण द्यावं लागत नाही. मला वाटतं आपल्याकडच्या मुलांना उडण्यापेक्षा हाच शब्द शिकणं जड जात असेल. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं, तेही दोन सेकंदांत!

आपल्याकडे याच्या आधीची कागदाची पायरी मोठी आहे: फ्लाइट प्लॅन भरायचा, हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक घ्यायचा, विमानतळाची वेळ मिळवायची. बाहेर बघून उडणाऱ्यांना दिवसाउजेडीच आणि बऱ्या हवेतच परवानगी. पावसाळ्याचे चार महिने कोकणपट्टीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

## ‘पण श्रीमंतांची जेट उतरतात की!’

हा आक्षेप ग्रुपवर येणारच होता, आला. उतरतात, कारण ती आकारानं छोटी असली तरी वेगानं छोटी नाहीत. बिझनेस जेट शंभर-सव्वाशे नॉटच्या पुढे येतं, रांगेत चपखल बसतं. काडेपेटी नव्हे, पण शेंगदाणाही नाही.

तरीही धावपट्टी त्यांच्यासाठीही फुकट नाही. २०२४ च्या त्याच आदेशात मुंबईत बिझनेस विमानांवरची बंदी दिवसाच्या चार तासांवरून आठ तासांवर नेली. आणि छोट्या विमानानं चूक केली तर किंमत सगळे भरतात. १४ सप्टेंबर २०२३ ला मुसळधार पावसात एक लिअरजेट मुंबईत उतरताना धावपट्टीवरून घसरलं. आतले आठही जण वाचले. पण धावपट्टी बंद ठेवावी लागली आणि तेवढा वेळ आकाशातली रांग तशीच.

## ‘मग जुहू कशाला आहे?’

अगदी यासाठीच होतं. १९२८ मध्ये सुरू झालेलं जुहूचं मैदान, जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन छोटं विमान उतरवलं ते हेच. धावपट्टी जेमतेम ११४० मीटर. सेस्नाला ऐसपैस. आता तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरं, आणि उडायला शिकायचं तर धुळे किंवा गोंदियाचा रस्ता धरावा लागतो.

जुहूची गंमत अशी की तिथे आपल्या प्रश्नाच्या बरोबर उलटं घडलं आहे. मोठी विमानं चुकून छोट्या मैदानात उतरली. १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ, म्हणजे मुंबईचा मोठा जुना विमानतळ, समजून जुहूला उतरलं आणि काही दिवसांनी पुन्हा उडवून नेलं. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ नं तीच चूक केली. ते धावपट्टी संपल्यावर पुढे गेलं आणि कायमचं निकामी झालं. शेजारी-शेजारी दोन विमानतळ असले की हा धोका असतो. सांताक्रूझ आणि उलवे सरळ रेषेत चोवीस-पंचवीस किलोमीटर आहेत, म्हणजे चूक होण्याइतकी जवळ नाहीत. पण दहा मैलांचं फायनल म्हणजेच साडेअठरा किलोमीटर, हे लक्षात घ्या. दोघांच्या रांगा एकमेकींच्या अंगणातच आहेत. या दोन रांगांच्या मधून एखादं सेस्ना न्यायचं, हे काम कुणी हौसेनं मागून घेणार नाही.

## ‘आता सगळीकडे यंत्रं आहेत, धडक कशी होईल?’

यंत्र तेव्हाच बघतं, जेव्हा समोरचा स्वतःला दाखवतो. विमानातला ट्रान्सपॉन्डर रडारला आणि इतर विमानांना "मी अमुक, इतक्या उंचीवर" असं सांगत असतो. मोठ्या विमानातलं धडक टाळणारं यंत्र याच उत्तरावर चालतं. ट्रान्सपॉन्डर नसलेलं छोटं विमान त्याच्या दृष्टीनं नाहीच.

२५ सप्टेंबर १९७८ ला सॅन दिएगोच्या गजबजलेल्या विमानतळावर एक सेस्ना १७२ सराव करून वर चढत होतं. मागून येणाऱ्या बोइंग ७२७ च्या पायलटांनी "दिसतंय" म्हणून सांगितलं, आणि मग ते नजरेतून निसटलं. १४४ माणसं गेली. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ एक छोटं पायपर विमान परवानगीशिवाय नियंत्रित आकाशात शिरलं, त्याचा ट्रान्सपॉन्डर उंची सांगत नव्हता, आणि ते एका डीसी-९ ला धडकलं. ८२ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या विमानतळांच्या तीस मैलांच्या परिघात उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर सक्तीचा झाला. आपल्याकडे १९९६ च्या चरखी दादरीच्या धडकेत दोन्ही विमानं मोठीच होती. त्यात ३४९ जण गेले, आणि भारतात धडक टाळणारं यंत्र सक्तीचं झालं ते त्यानंतर.

सॅन दिएगोचं "दिसतंय" मला विसरता येत नाही. वर भोवऱ्याच्या परिच्छेदात लिहिलं ना, पुढचं विमान दिसतंय म्हटलं की जबाबदारी पायलटची. तो एक शब्द किती जड आहे!

## दुसरी धावपट्टी झाली की?

नवी मुंबईत दुसरी समांतर धावपट्टी आराखड्यात आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन २०२२ मध्ये झाली, तेव्हा मेलगाड्या लोकलपासून वेगळ्या काढता आल्या. तसं काहीतरी, हो. पण दोन्ही धावपट्ट्या मोठ्या विमानांनी भरायला किती दिवस लागतील, हेही त्याच सहाव्या लाइनकडे बघून सांगता येईल. जगात काही ठिकाणी मोठ्या विमानतळाच्या कडेला छोट्यांसाठी आखूड धावपट्टी ठेवतात. तो खरा उपाय. उलव्याला नदी वळवून आणि डोंगर कापून जागा केली आहे, तिथे असा तुकडा कोण देणार?

एका बाबतीत मात्र हे सगळं गणित क्षणात गुंडाळलं जातं. सेस्नाचं इंजिन बंद पडलं आणि पायलटनं "मेडे" म्हटलं, की कुठलीही धावपट्टी त्याची. एअरबसला वर पाठवतात, रांग मोडतात, वेळापत्रक गेलं उडत. तेव्हा शेंगदाणा पहिला.

हे ऐकून आईला बरं वाटलं. ती म्हणाली, "हे बरं आहे." मग तिनं घड्याळाकडे बघितलं, काडेपेटी उचलून गॅसकडे नेली, फूटपट्टी माझ्याकडे सरकवली, आणि धावपट्टीच्या अगदी टोकाला उभं असलेलं सेस्ना तोंडात टाकलं.